बिनतेलाचं ताट

केळीचा चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. घड कापणाऱ्याला तो पडल्याचं कळतही नाही. वारा लागला की थोड्या वेळाने तो कडेकडेने तपकिरी होऊ लागतो, आणि संध्याकाळी माणूस घरी येईपर्यंत काळा पडतो. एकदा काळा झालेला डाग साबणाने, लिंबाने, रॉकेलने, कशानेच जात नाही. म्हणून चोपड्याकडच्या गावांत कामाचे कपडे वेगळे ठेवतात, आणि ते कुणी फार घासत बसत नाही.

कलाबाईही घासत नसे. प्रशीलचा कामाचा सदरा ती नुसता पाण्यातून काढायची. पण माघातल्या त्या दिवशी तिने मोटारीजवळच्या हौदावर सदरा बुचकळायच्या आधी खिसा चाचपला, तर आत प्लास्टिकची बोटाएवढी पुडी लागली. पुडीत पांढरे, काचेसारखे खडे होते. तिने ते उन्हाकडे धरून पाहिले. खताच्या दुकानात असे नमुने देतात. पाण्यात विरघळणारं पोटॅश नेमकं असंच दिसतं. ठिबकवर तेव्हा खत चालूच होतं. निळ्या पिंपात पोटॅश कालवून तिचा नवरा आधार मोटार सुरू करायला गेला होता. पोराने बागेची काळजी करून नमुना आणला याचं तिला बरं वाटलं. पुडी फोडून तिने खडे पिंपात टाकले, काठीने ढवळलं आणि सदरा पिळायला घेतला.

प्रशील केळी कापणाऱ्या टोळीत होता. टोळीचं काम सोपं नाही. पहाटे बागेत शिरायचं, घड कापायचा, खांद्यावरच्या गादीवर घेऊन सरीतून वाट काढत गाडीपर्यंत न्यायचा, फण्या करायच्या, गाडी भरायची. दिल्लीकडची गाडी उभी असली की दुसऱ्या बागेतही जावं लागे. दिवाळीनंतर प्रशीलला या कामाचा थकवा म्हणून येईनासा झाला. दोन बागा संपवून आलेला पोरगा घरी येऊन अंगण झाडायचा, सायकल उलटी करून तिची चाकं धुवायचा. जेवायचा मात्र चिमणीएवढं. कलाबाईला त्याचा अभिमान वाटे. वेल्डिंगवाल्या इसाकची बायको नसीम पिठाच्या चक्कीवर भेटली तेव्हा ती म्हणालीसुद्धा होती, "मन्हा प्रशील आते दोन जननं काम करस. तुन्हा आकिबले सांग, शिक म्हना जरा." आकिब त्याच टोळीत होता. दोघं पहिलीपासून एका बाकावरचे.

त्या संध्याकाळी प्रशीलने सदरा तारेवरून ओढून काढला आणि ओल्या खिशात हात घातला.

"माय, मन्हा खिसामा पुडी व्हती."

"खतनी? ती पिंपमा टाकी दिनी."

तो तिच्याकडे पाहत राहिला. तेव्हा तिला पहिल्यांदा त्याचा चेहरा नीट दिसला. गाल आत गेलेले, ओठ फुटलेले आणि जबडा आपोआप हलतो आहे, गाय रवंथ करते तसा. मग तो मळ्याकडे पळत सुटला.

आधार आणि ती पोचली तोवर त्याने पिंप कलंडवलं होतं. तळाशी उरलेलं गढूळ पाणी ओंजळीने पीत होता. ते संपल्यावर त्याने ठिबकच्या गाळणीचं झाकण पान्याने उघडलं आणि जाळी काढून चाटायला लागला. आधारने त्याला मागून कवेत धरलं. आधार साठीकडे झुकलेला, हडकुळा माणूस. पोराने त्याला एका झटक्यात केळीच्या बुंध्यावर आपटलं आणि पुन्हा जाळीकडे वळला. नळ्यांतून माणसं बोलतात, असं म्हणाला. त्या माणसांनी पुडी नेली, असंही. थोड्या वेळाने त्याला उलट्या सुरू झाल्या. तेव्हा तो बसला आणि लहानपणी बसायचा तसा आईच्या मांडीवर डोकं ठेवून थरथरत राहिला. त्याच्या छातीवर तिने हात ठेवला. आतलं ठोकणं वेगळं वेगळं मोजता येत नव्हतं.

कलाबाईच्या बहिणीची मुलगी मृणाली गावच्याच उपकेंद्रात नर्स होती. तिने गाडी बोलावली आणि जळगावला सोबत गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिने मावशीला खाली बसवून सांगितलं. ही दारू नाही, गांजा नाही. हिचं नाव मेथ. पोरं बरफ म्हणतात. गाडीवाल्यांपैकी कुणीतरी पहिल्यांदा फुकट देतो, झोप येणार नाही म्हणून. भूक मरते, झोप मरते, हृदय धावत सुटतं, अंग आतून तापतं. माणसाला वाटतं आपल्यात बळ आलं. ते उद्याचं बळ आजच काढलेलं असतं. पुढे पुढे नसलेली माणसं दिसतात, नसलेले आवाज येतात. आणि सोडलं की माणूस असा कोसळतो, की त्याला पुन्हा तेच हवं होतं.

"गोयी नही का याले?" आधारने विचारलं.

मृणाली म्हणाली, यावर उतारा म्हणून अशी गोळी नाही. झोप, जेवण, डॉक्टरांशी बोलणं आणि घरच्यांनी सोबत राहणं, एवढंच. पण मुलं बरी होतात, नाना. वेळ लागतो, पण होतात.

आधारने बायकोला विचारलं, "लोक इचारतीन ते काय सांगानं?"

कलाबाईने विचार केला. विचार करायला तिला फार वेळ लागला नाही, याचं तिला नंतर नवल वाटे. उलट्या झालेल्या लोकांनी पाहिल्या होत्या. महिनाभर काम बंद राहील, पोर वाळेल, कुणी त्याला हात लावायला येणार नाही, असा एकच आजार होता.

"कावीय सांगूत," ती म्हणाली.

*

प्रशील चैत्रात घरी आला. वजन थोडं भरलं होतं. दुपारी झोपायचा, संध्याकाळी झोपायचा, मध्येच विनाकारण रडायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, भरपूर खाऊ द्या, जे मागेल ते द्या. आणि त्याने पहिल्याच दिवशी वांग्याचं भरीत मागितलं.

पण कावीळ झालेल्याला तेल चालत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. भरताला मिरच्या तेलात परताव्या लागतात, वर तेल सोडावं लागतं, आणि भरताचा वास चार घरं जातो. कलाबाईने वांगी आणली, आणि शेजारीण ताटात काय आहे ते बघायला आली म्हणून ती गुरांना घातली. मग प्रशीलच्या ताटात बिनफोडणीचं वरण, उकडलेली भेंडी आणि कोरडी भाकरी येऊ लागली. बायका मुळ्याचा पाला घेऊन आल्या. कुणी उसाचा रस पाठवला, कुणी फुटाणे. एकीने तर घरातलं तेलाचं कॅन उचलून फळीवर वर ठेवलं आणि कलाबाईला दम दिला, पोऱ्या बरा होईस्तोवर हात लावायचा नाही.

सगळ्यांवर कडी होती सुपडूआबांची. हे आधारचे चुलते. कावीळ या विषयातले गावचे जाणकार. रोज सकाळी काठी टेकत यायचे, प्रशीलची खालची पापणी अंगठ्याने ओढायचे आणि निकाल द्यायचे.

"आजून पिवयं शे."

प्रशीलच्या डोळ्यांचं पांढरं दुधासारखं होतं. तो आबांकडे निमूट पाहायचा, आणि आबा गेल्यावर कधी कधी हसायचा. माघानंतरचं त्याचं पहिलं हसू तेच. पण संध्याकाळी, हे कधीपर्यंत खायचं म्हणून, वरणात बोट फिरवत तो आईला विचारे, "माय, कव्हरलोंग?"

"देखसूत," ती म्हणायची, बघू म्हणून टाळायची.

मृणालीलाही ती हेच म्हणे. मृणालीने उपकेंद्रातर्फे गावातल्या आणि टोळ्यांतल्या पोरांसाठी एका रविवारी समाजमंदिरात सभा ठेवायचं ठरवलं होतं. प्रशीलने आपणहून तिला सांगितलं होतं, मी बोलतो. ती परवानगी मागायला आली.

"मावशी, मी तक्ते लावीन, चित्रं दाखवीन," मृणाली म्हणाली. "पोरं ते बघतील आणि बिडी प्यायला बाहेर जातील. प्रशील उभा राहिला तर कुणी उठणार नाही."

कलाबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, देखसूत. सभा दोनदा पुढे गेली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही ती म्हणाली, देखसूत. तिच्या डोळ्यांपुढे समाजमंदिर नव्हतं. पुढची तीस-चाळीस वर्षं होती. कावीळ उतरली की माणूस पुन्हा माणूस होतो. नशाबाज म्हटलेला कधी होतो का, हे तिला माहीत नव्हतं. पोराला कोण टोळीत घेईल, कोण मुलगी देईल, आधारच्या मागे कोण काय बोलेल. विहारात पौर्णिमेला पंचशील म्हणताना पाचव्या शीलाशी तिचा आवाज आताशा अडखळायचा. मादक पदार्थांपासून दूर राहीन. ती ओठ हलवायची, आणि शेजारच्या बाईच्या आवाजात तिचं मौन झाकलं जायचं.

*

वैशाख लागला. दुपारी तापीच्या अंगाने असा वारा सुटे की केळीची पानं फाटून झालरी व्हायच्या. बाग निसवणीला आली होती. नवे घड एका अंगाला लोंबत होते, आणि वाऱ्याचा एक झोत पुरे, झाड कमरेतून मोडतं. तिघंही सकाळपासून टेकू लावत. आधार बांबू रोवायचा, प्रशील घडाचा दांडा खांद्याने उचलून धरायचा आणि कलाबाई सुतळीने आवळायची. प्रशीलचे हात आधी थरथरायचे. आता गाठ पडेस्तोवर तो घड हलू देत नसे. थकला की सांगायचा, "थकनू," आणि बांधावर बसायचा. हा शब्द ऐकून कलाबाईला इतकं बरं वाटायचं की ती मुद्दाम सुतळी तोडायला वेळ लावायची.

त्या रविवारी संध्याकाळी सभा होती, नुसत्या तक्त्यांची. दुपार टळायच्या सुमाराला इसाक मळ्यात आला. रुमाल डोक्याला बांधलेला, मनगटावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे जुने डाग. तो उभा राहिला आणि आधी बागेचं कौतुक केलं, मग वाऱ्याला शिव्या दिल्या. शेवटी कलाबाईकडे वळला.

"अक्का, तुमना प्रशीलले कोनं औषध लागू पडनं?"

सुतळी तिच्या हातात राहिली. त्याने सांगितलं. आकिबचं काही खरं नाही. जेवण तुटलंय. झोप नाही, पहाटेपर्यंत दात करकरा चावतो, नसीमने ऐकलंय. अंग तव्यासारखं तापतं. काल तर दुकानाचं शटर लावून बसला, बाहेर माणसं उभी आहेत म्हणाला. कामावर मात्र दोघांचं काम करत होता, परवापरवापर्यंत.

"सुपडूआबाले दाखाडं," इसाक म्हणाला. "त्या बोलनात, कावीयच शे. तुम्ही नदीपल्याड लई गयथात ना, त्या पाडावर?"

हेही तिनेच पसरवलं होतं. जळगावला कोणत्या दवाखान्यात, असं कुणी विचारू नये म्हणून तिने मध्येच एकदा नदीपलीकडच्या वैदूचं नाव घेतलं होतं. त्या वैदूची रीत सगळ्यांना माहीत होती. मुळी उगाळून द्यायची, तीन दिवस उपास, आणि अंगावर घोंगडी टाकून उन्हात बसवायचं, घामावाटे पिवळं निघावं म्हणून.

इसाक वाट पाहत होता. आधार बांबूकडे बघत होता. कलाबाईच्या तोंडून शब्द सहज निघाले.

"हा. तठेच."

"मंग आतेच निंघस," इसाक म्हणाला. त्याचा चेहरा मोकळा झाला. जाताना त्याने प्रशीलच्या पाठीवर थाप मारली, "याले देखीसन जीव थंडा व्हयना. हाऊ उठना, ते मन्हा बी उठी."

तो बांधाआड गेला. वाऱ्याने पानं फडफडली. प्रशीलच्या खांद्यावर अजून घड होता. त्याने तो हळूच खाली सोडला. झाड वाकलं.

"माय, आकिबले कावीय नही शे."

"तुले काय माहीत?"

"मले नही ते कोनले माहीत ऱ्हाई?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "त्याले मी दिनथी. पहिली पुडी. तू नसीमचाचीले बोलनी, प्रशीलकडथीन शिक. तो उना मन्हाकडे शिकाले."

कलाबाई खाली बसली. सरीत पाणी होतं, लुगडं भिजलं. तिला चक्की आठवली, पिठाचा गरम वास आणि नसीमचं ओशाळलेलं हसू. मग घोंगडी आठवली. अंग आतून तापतं, मृणाली म्हणाली होती. उन्हात, मेहनतीत, पाणी तुटलं की फार तापतं. त्यात माणूस जातोही. वैशाखाचं ऊन, तीन दिवसांचं रिकामं पोट आणि वर घोंगडी. हे तिच्या शब्दावर होणार होतं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. आधारने हातातली पहार मातीत रोवली.

"कावीय तू आनी," तो म्हणाला. "उतराडशी बी तूच. मी शे संगे."

अर्धी ओळ बिनटेकूची राहिली. वारा वाढत होता, एखाददुसरं झाड जाणार हे दिसत होतं. तिघंही निघाले.

*

इसाकचं दुकान स्टँडवर, समाजमंदिराला लागूनच. पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. समाजमंदिरात मृणाली खुर्च्या लावत होती. दारात टोळ्यांतली पोरं जमली होती, कुणी आत जात नव्हतं; एकमेकांना ढकलत, मोबाइलवर काहीतरी दाखवत उभी होती. ओट्यावर सुपडूआबा. आणि दुकानापुढे इसाकची मोटारसायकल चालू होती. आकिब मधे बसला होता. पडू नये म्हणून मागे नसीम. तिच्या मांडीवर घडी केलेली घोंगडी.

आकिबचा जबडा हलत होता.

कलाबाईने जाऊन हँडल धरलं. इंजिनची थरथर तिच्या कोपरापर्यंत आली. इसाक हसला, अक्का काही द्यायला आल्या असं त्याला वाटलं.

"गाडी बंद करा, इसाकभाऊ."

त्याने केली. अचानक सगळं शांत झालं, आणि दारातली पोरं वळली. आता हळू बोललं असतं तरी ऐकू गेलं असतं.

"प्रशीलले कावीय नही व्हती," ती म्हणाली. "मी खोटं सांगं. तो बरफ घेत व्हता. नशा. त्याले जयगावले दवाखानामा ठेयेल व्हतं. पाडावर आम्ही गयतूतच नही."

एका पोराच्या मोबाइलमधलं गाणं चालूच होतं. त्याने ते घाईघाईने बंद केलं. इसाक तिच्याकडे, मग प्रशीलकडे बघत राहिला. त्याच्या मानेवरची शीर उडत होती. तो चिडेल, असं तिला वाटलं, आणि चिडला असता तर तिला ते चाललं असतं.

"आनी आकिब?" त्याने विचारलं.

उत्तर प्रशीलने द्यायला हवं होतं. तो पुढे झाला. पण त्याआधी आकिबनेच मान खाली घातली आणि कपाळ बापाच्या पाठीला टेकवलं. तेवढंच. नसीमने मागून घोंगडी खाली टाकली आणि दोन्ही हातांनी पोराला धरलं.

मृणाली धावत आली. तिने आकिबची नाडी धरली, डोळे पाहिले, त्याला समाजमंदिराच्या भिंतीच्या सावलीत बसवलं, गार पाणी थोडं थोडं द्यायला सांगितलं, ओला रुमाल मानेवर ठेवला. इसाक तिच्या मागे मागे फिरत एकच विचारत होता, बरा होईल ना. ती म्हणाली, वेळेवर कळलं, चाचा. जळगावला आत्ताच नेऊ, गाडीला फोन करते. मग तिने प्रशीलकडे बोट दाखवून म्हटलं, हा बघा ना कसा उभा आहे. प्रशील आकिबच्या शेजारी मातीतच बसला होता, खांद्याला खांदा लावून. काहीतरी पुटपुटत होता. आकिब मान हलवत होता.

ओट्यावरून सुपडूआबांचा आवाज आला. त्यांना कुणीतरी सगळं कानात सांगितलं होतं.

"मी ते पिवयं देखं व्हतं," ते हट्टाने म्हणाले.

"आबा, तुमना चश्माच पिवया शे," दारातल्या एका पोराने म्हटलं, आणि हसू फुटलं. नसीमही ओल्या डोळ्यांनी हसली. कलाबाईला वाटलं होतं, आता आपल्याला इथून मान वर करून जाता येणार नाही. पण मान वरच होती. खांद्यांत फक्त हलकेपणा होता, डोक्यावरून गवताचा भारा खाली टाकल्यावर येतो तसा. आणि पोटात एकदम भूक लागली होती. घरी वांगी होती का, हे ती आठवू लागली. वरच्या फळीवरचं तेलाचं कॅन काढावं लागणार होतं.

गाडी आली. आकिबला आत झोपवलं, इसाक आणि नसीम त्याच्याजवळ बसले. मृणालीने दवाखान्यात फोन लावला, सोबतीला उपकेंद्रातल्या दुसऱ्या बाईंना बसवलं आणि गाडी निघाली. धूळ बसली. पोरं अजून तिथंच होती. एकही गेलं नव्हतं. उलट आणखी आली होती. मृणालीने मावशीकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही. तीनदा विचारून झालं होतं. हातातल्या तक्त्याची गुंडाळी तिने नुसती उघडमिट केली.

कलाबाईने पदर सारखा केला. लुगड्यावर सकाळचा चीक पडला होता, तो एव्हाना काळा झाला होता. तिने तो झाकला नाही.

"मृणाली, पोरंसले मझार बसाड," ती समाजमंदिराच्या आत हात दाखवून म्हणाली. "आज प्रशील बोली. आनी त्यान्हा आगोदर मी बोलसू."